पाणी तापवायची भट्टी किती मोठी घ्यावी?
मशीद, मदरसा आणि घरासाठी लाकडावरच्या भट्टीचा साधा हिशेब

दिवाळी उलटली की जालन्याच्या पहाटेला धार येते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली. अशा वेळी फजरच्या नमाजाला येणाऱ्या बुजुर्गांना थंडगार पाण्याने वजू करणे जड जाते. म्हणून दरवर्षी या दिवसांत मशिदींच्या कमिट्यांमध्ये एकच विषय निघतो. वजूखान्याबाहेर लाकडावर पाणी तापवायची भट्टी बसवावी, आणि ती "चांगली मोठी" असावी. मदरशांच्या वसतिगृहांत, लॉजमध्ये, मोठ्या कुटुंबांतही हीच चर्चा होते.

नवीन जालन्याच्या बाजारात या भट्टीला कोणी बंब म्हणतो, कोणी बॉयलर. नाव काही असो, खरेदी करताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. टाकी किती लिटरची आणि पत्रा किती जाड. भट्टीला काम किती करायचे आहे, हा पहिला प्रश्न मात्र राहून जातो. फॅब्रिकेशनवाल्या बांधवांनाही घाई असते. गिऱ्हाईक मोठे मागते, मोठ्यात पैसे जास्त मिळतात, मग मोठे बनवून दिले जाते. या लेखात आम्ही त्या पहिल्या प्रश्नाचा हिशेब मांडणार आहोत. तो विकत घेणाऱ्यांच्याही उपयोगाचा आहे आणि बनवणाऱ्यांच्याही.

मोठी म्हणजे चांगली नव्हे

आपल्याकडे घर उबदार ठेवण्यासाठी भट्टी लागत नाही, पाणी तापवण्यापुरतीच लागते. पण अमेरिका, कॅनडासारख्या थंड मुलुखांत घराबाहेर छोट्या खोलीएवढी लाकडाची भट्टी ठेवतात. तिच्यात पाणी तापते आणि ते नळाने घरात फिरवून खोल्या गरम केल्या जातात. म्हणजे यंत्र आपल्या बंबाचेच, फक्त आकाराने थोर. तिथल्या लोकांनी या भट्ट्या वर्षानुवर्षे गरजेपेक्षा मोठ्या घेतल्या आणि त्याचे परिणाम भोगले. शेजाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ साली अमेरिकी सरकारला या भट्ट्यांच्या धुरावर देशभर मर्यादा घालावी लागली आणि २०२० पासून ती आणखी कडक झाली.

मोठी भट्टी धूर का करते, हे समजून घेण्यासारखे आहे. लाकूड नीट जळायला भरपूर हवा आणि मोठी आच लागते. भट्टी गरजेपेक्षा मोठी असली की पाणी लवकर तापते. मग खादिम हवेचे झाकण बंद करतो. आत लाकूड भरपूर असते, पण हवा नसते. ते जळत नाही, नुसते धुमसते. लाकडातला जो वायू पेटून उष्णता द्यायचा, तोच धूर होऊन धुराड्यातून निघून जातो. म्हणजे आपण विकत घेतलेले लाकूड आपणच हवेत सोडतो.

तोटा एवढ्यावर थांबत नाही. धुमसणाऱ्या धुरातून काळा, डांबरासारखा चिकट थर धुराड्याच्या आत बसतो. हा थर पेट घेतो आणि धुराड्याला आग लागते. त्या धुरातला ओलावा आम्लधर्मी असतो, त्याने पत्रा आतून खातो. दहा वर्षे टिकेल म्हणून घेतलेली जाड पत्र्याची भट्टी मग तीन-चार हिवाळ्यांतच गळू लागते.

फार लहान भट्टीही बरी नाही. ती सतत लालभडक पेटवावी लागते, जाळी वाकते, पत्रा फुगतो आणि भट्टी सांभाळणाऱ्याला पहाटे तीनला उठून बसावे लागते. म्हणून भट्टी मापाची हवी. ते माप कसे काढायचे, ते आता पाहू.

आधी पाण्याचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा हिशेब पाचवीतला मुलगाही करील.

एका मध्यम मशिदीचे उदाहरण घेऊ. फजरला शंभर नमाजी येतात असे धरू. तोटी बेताने सोडली तर एका वजूला पाच लिटर पाणी पुरते. म्हणजे ५०० लिटर. हिवाळ्यात टाकीतले पाणी १८ अंशांचे असते आणि वजूला ३८ अंशांचे कोमट पाणी सुखकर वाटते. फरक २० अंशांचा.

५०० लिटर गुणिले २० अंश म्हणजे १०,००० किलोकॅलरी. नळ आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता म्हणून त्यात पाचवा हिस्सा मिळवा. झाले १२,००० किलोकॅलरी. फजरसाठी एवढेच काम आहे.

हे काम दीड तासात व्हावे असे ठरवले, तर भट्टीने पाण्याला ताशी ८,००० किलोकॅलरी द्यायला हव्यात. हेच तिचे खरे माप. "हजार लिटरचा बॉयलर" हे माप नव्हे, ती नुसती टाकी झाली.

लाकूड किती लागेल? चांगले वाळलेले लाकूड किलोला सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते. नीट बांधलेल्या भट्टीत त्यातली निम्मी पाण्यात उतरते असे धरू, म्हणजे १,७५०. बारा हजाराला या आकड्याने भागले की उत्तर येते ७ किलो. शंभर नमाजींच्या कोमट वजूला फक्त सात किलो वाळलेले लाकूड!

हीच मशीद दुप्पट मोठी भट्टी घेऊन ती धुमसत ठेवील, तर निम्म्याऐवजी जेमतेम चौथा हिस्सा उष्णता पाण्यात उतरेल. मग रोज १४ किलो लागतील. नव्वद दिवसांच्या हिवाळ्यात ६३० किलोऐवजी १,२६० किलो. वरचे सवासहाशे किलो लाकूड कोणाच्याही कामी येत नाही. त्याचे पैसे जमातीच्या चंद्यातून जातात, आणि चंदा ही अमानत आहे.

टाकी वेगळी, भट्टी वेगळी

आता टाकीचे पाहू. ५०० लिटर कोमट पाणी हवे म्हणून ५०० लिटरची टाकी लागते, असा समज आहे. तो बरोबर नाही. पाणी ६५ अंशांपर्यंत तापवले आणि वापरताना त्यात थंड पाणी मिसळले, तर सुमारे २१५ लिटर गरम पाण्यात पाचशे लिटर कोमट पाणी तयार होते. म्हणून २५० लिटरची टाकी या मशिदीला पुरे.

मात्र तोटीला थेट ६५ अंशांचे पाणी कधीही जोडू नये. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांचा विचार करून आधी दुसऱ्या छोट्या टाकीत गरम-थंड मिसळावे आणि तिथून तोट्यांना नळ द्यावा.

टाकीवर खर्च करायचा असेल तर तो आकारावर न करता आवरणावर करावा. २५० लिटरची उघडी लोखंडी टाकी थंडीच्या रात्री वीस-पंचवीस अंश गमावून बसते. तिलाच दोन इंच ग्लासवूल गुंडाळून वर पत्रा मारला, तर तोटा चार-पाच अंशांवर येतो. याचा मोठा फायदा असा की भट्टी पहाटे पेटवायची गरजच राहत नाही. मगरिबनंतर पेटवावी, इशाला पाणी वापरावे, टाकी पुन्हा भरून शेवटची भर टाकावी आणि झाकण लावून झोपावे. पहाटे ६० अंशांचे पाणी तयार असते, आणि २५० लिटर तेवढ्या गरम पाण्यातही आपले शंभर वजू होतात.

यात मुअज्जिन आणि खादिम यांची झोप वाचते, आणि पहाटेचा धूरही टळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. धूर वर न जाता गल्लीतच साचतो आणि शेजारच्या घरांत शिरतो. ज्यांच्या घरात तो शिरतो त्यांच्याशी आपल्याला वर्षभर राहायचे असते.

काश्मीरच्या मशिदींतले हमाम याच समजुतीवर बांधलेले आहेत. तिथे फरशीखाली पोकळी ठेवून बाहेरच्या तोंडातून लाकूड घालतात. दगडी फरशी आणि पाण्याचे भांडे हळूहळू तापते आणि तासन्‌तास ऊब देत राहते. आग थोडा वेळ पण जोरात, आणि साठवण मोठी, हे त्यातले मर्म. आपणही तेच करावे. आग दिवसभर धुमसत ठेवू नये. ती थोडा वेळ मोकळी पेटू द्यावी आणि उष्णता टाकीत साठवावी.

मदरसा आणि घर

मदरशाचा हिशेब थोडा वेगळा आहे. समजा वसतिगृहात १२० मुले आहेत आणि जुम्याच्या सकाळी सगळ्यांचे गुस्ल होते. माणशी १५ लिटर धरले तर १,८०० लिटर. वीस अंशांनी तापवायला ३६,००० आणि तोटा धरून सुमारे ४३,००० किलोकॅलरी.

हे सारे एका तासात करायचे म्हटले तर ताशी ४३,००० किलोकॅलरीची अवाढव्य भट्टी लागेल, आणि ती आठवड्यातले सहा दिवस धुमसत राहील. त्याऐवजी ५०० लिटरची आवरणाची टाकी घ्यावी. तिच्यात ६५ अंशांच्या पाण्याच्या रूपाने २३,५०० किलोकॅलरी आधीच साठवता येतात. राहिल्या सुमारे २०,०००. मुलांच्या तीन तुकड्या करून दोन तासांत आंघोळी उरकल्या तर ताशी १०,००० किलोकॅलरीची भट्टी पुरते, म्हणजे मशिदीच्या भट्टीहून थोडीशीच मोठी. लाकूड २५ किलो. आंघोळीच्या पाळ्या लावायला पैसे पडत नाहीत. मोठ्या भट्टीला पडतात.

सात माणसांच्या घरात माणशी २० लिटर कोमट पाणी धरले तर १४० लिटर होतात. २२ अंशांनी तापवायला सुमारे ३,१०० आणि तोट्यासह ३,७०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे दोन-सव्वादोन किलो लाकूड. त्याला साठ लिटरचा तांब्याचा बंब भरपूर झाला. दोनदा पाणी भरायची तयारी असेल तर तीस-चाळीस लिटरचाही चालतो. जुन्या बंबाची रचना फार शहाणपणाची आहे. नसराळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोटीतून बाहेर येते. मधल्या नळीत आग, भोवती पाणी. उष्णता वाया जायला जागा थोडी. असा बंब घरात पडून असेल तर तो मोडीत घालू नये. चांगल्या कारागिराकडून त्याचे झाळकाम करून घ्यावे.

लाकूड कोणते आणि कसे

वरचे सगळे आकडे वाळलेल्या लाकडाचे आहेत. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. भट्टीत आधी ते पाणी उकळून जाते आणि मग लाकूड जळते. अशा लाकडाची उष्णता किलोला दोन हजार किलोकॅलरींवर येते. सात किलोंचे काम बारा किलोंवर जाते, शिवाय आच मंद राहिल्याने धूर आणि डांबराचा थर वाढतो तो वेगळाच. ओले लाकूड वजनाने घेणारा माणूस लाकडाच्या भावात पाणी विकत घेतो.

म्हणून लाकूड उन्हाळ्याच्या तोंडाशी घ्यावे, मनगटाएवढे फोडावे, जमिनीपासून वीतभर उंच रचावे आणि पावसाळ्यात वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. दिवाळीपर्यंत ते तयार होते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या म्हणजे वाळले असे समजावे.

बाभूळ आणि आपल्या भागात माजलेली वेडी बाभूळ ही जळणाला उत्तम. जालना जिल्हा कापसाचा, त्यामुळे पऱ्हाटीही मिळते. ती उष्णता चांगली देते, पण वजनाने हलकी आणि जागा खाणारी असते, भराभरा जळून जाते. पऱ्हाटीच जाळायची असेल तर चूल मोठ्या तोंडाची हवी आणि भर वरचेवर टाकावी लागते. पऱ्हाटी व भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना बाजारात व्हाइट कोल म्हणतात, त्या कोरड्या आणि एकसारख्या असतात. त्यांच्यासाठी चूल लहान चालते. जळण बदलले की भट्टीचे माप बदलते, हे बनवणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. रंग दिलेले, प्लायचे किंवा रसायन लावलेले लाकूड मात्र कधीही जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

शहरात झाड तोडायचे तर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने परवानगी घ्यावी लागते. वखारीतून घेतलेल्या लाकडाची पावती कमिटीच्या फायलीत ठेवावी.

कारागीर बांधवांसाठी

जालना हे लोखंडाचे गाव आहे. भंगार वितळवून त्याच्या सळ्या काढणाऱ्या मिलमुळे या गावाचे नाव देशभर झाले. त्यामुळे वेल्डिंग, कटिंग, फॅब्रिकेशन जाणणारे हात इथे पुष्कळ आहेत आणि त्यांत आपल्या समाजाचे हातही आहेत. भट्टी बनवणे त्यांना कठीण नाही. माप आणि सुरक्षितता यांत मात्र चूक होऊ नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चुलीची. वरच्या मशिदीच्या भट्टीत तासाला साडेचार-पाच किलो लाकूड जळते. त्यासाठी एक फूट रुंद, एक फूट उंच आणि दीड फूट खोल एवढी चूल पुरते. खाली जाड चौरस सळईची जाळी, जाळीखाली राखेची पेटी आणि हवेचे झाकण. चुलीचा पत्रा ५-६ मिलिमीटरचा असावा.

दुसरी गोष्ट आच लागणाऱ्या पृष्ठभागाची. बॉयलरच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की ताशी सुमारे ८,४०० किलोकॅलरीसाठी दहा चौरस फूट पृष्ठभाग हवा, ज्याच्या एका बाजूला आग किंवा गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला पाणी असेल. नुसती चूल मोठी केली आणि हा पृष्ठभाग वाढवला नाही, तर उष्णता सरळ धुराड्यातून निघून जाते. धुराच्या नळ्या पाण्यातून फिरवाव्यात, पण त्या ब्रशने साफ करता येतील अशाच सरळ ठेवाव्यात. या मापाच्या भट्टीला पाच-सहा इंची धुराडे पुरते. ते गच्चीच्या कठड्याहून तीन फूट तरी वर न्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. भट्टी चारी बाजूंनी बंद करून कधीही देऊ नये. पाणी तापले की फुगते. २५० लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर गेले की सुमारे सात लिटरनी वाढते. त्याला जायला वाट नसेल तर शिवण फाटते. पाणी उकळून वाफ झाली तर ती पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते आणि तो ड्रम बॉम्बसारखा फुटतो. म्हणून टाकीच्या माथ्यावरून किमान एक इंची उघडी नळी वर न्यावी. तिच्यावर कॉक, व्हॉल्व्ह किंवा बूच असे काहीही बसवू नये. गिऱ्हाइकाने "वाफ वाया जाते, बंद करा" म्हटले तरी करू नये. टाकीत पाणी नसताना भट्टी पेटवू नये, ही सूचना भट्टीवरच ठळक अक्षरांत मराठी आणि उर्दूत लिहावी.

कायद्याचेही तसेच आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला आहे. ज्यात पाणी १०० अंशांच्या खालीच तापवले जाते, अशा साधनाला त्याच्या व्याख्येतून वगळले आहे. दाबाची वाफ तयार करणारे भांडे मात्र विनापरवाना बनवणे गुन्हा ठरू शकते. उघडी नळी कारागिराला अपघातापासूनही वाचवते आणि खटल्यापासूनही.

चौथी गोष्ट मालाची. रसायनाचे, रंगाचे, कीटकनाशकाचे जुने ड्रम पाण्याच्या टाकीला वापरू नयेत, ते कितीही धुतले तरी. ज्या ड्रममध्ये तेल किंवा रसायन होते, तो कापताना स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप चुलीत घालू नये, वेल्डिंग करतानाही त्याचा धूर छातीत जातो. पाणी तोंडात आणि नाकात जाणार आहे हे लक्षात ठेवून टाकी स्टीलची करावी. बोअरचे पाणी जड असते, आत पांढरा थर धरते आणि उष्णता पोहोचू देत नाही. म्हणून टाकीला हात जाईल एवढे झाकण आणि तळाशी गाळ काढायचा कॉक ठेवावा.

धुराचा प्रश्न टाळता येणार नाही

केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवा सुधारण्याची गरज असलेल्या महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत जालन्याचेही नाव आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. त्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना त्याची झळ बसली. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण २०२३ मध्ये जालनाही महानगरपालिका झाली आहे, आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते व्यापाऱ्याने ओळखावे. धूर करणारी मोठी भट्टी बांधून ठेवणे म्हणजे उद्याची नोटीस आजच लिहून ठेवणे होय.

म्हणून भट्टी ठरवण्याआधी दुसऱ्या इंधनांशी तुलना करून पाहावी. त्याच मशिदीच्या १२,००० किलोकॅलरींसाठी वाळलेले लाकूड ७ किलो, गॅस सुमारे १.४ किलो किंवा वीज १४ युनिट लागते. म्हणजे १९ किलोचे व्यापारी सिलिंडर जवळजवळ दोन आठवडे चालते. आपल्या गावातला आजचा भाव या तीन आकड्यांशी गुणावा, लाकडाच्या बाजूला फोडणावळ आणि खादिमाची मेहनतही धरावी. काही ठिकाणी लाकूड स्वस्त पडेल, काही ठिकाणी पडणार नाही.

सूर्यावरचे वॉटर हीटरही विसरू नयेत. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ बहुधा स्वच्छ असते. दिवसा तापलेले पाणी आवरणाच्या टाकीत पहाटेपर्यंत टिकते. गच्चीवर सूर्याचे यंत्र आणि ढगाळ दिवसांसाठी खाली लहान भट्टी, ही जोडी आमच्या मते सर्वांत किफायतशीर आहे. मग भट्टी वर सांगितलेल्याच्या निम्म्या मापाचीही चालेल.

खरेदीपूर्वी काय विचारावे

मुतवल्ली, ट्रस्टी आणि घरमालक यांनी बाजारात जाण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात. माणसे किती, माणशी पाणी किती, पाणी किती अंश तापवायचे, किती वेळात तापवायचे. या चार ओळींवरून ताशी किलोकॅलरीचा आकडा काढावा आणि तोच कारागिरापुढे ठेवावा. मग विचारावे: आच लागणारा पृष्ठभाग किती चौरस फूट? उघडी नळी आहे का? आवरण किती इंच? धुराच्या नळ्या साफ कशा करायच्या? ज्याला ही उत्तरे देता येतात त्याच्याकडे भट्टी टाकावी, मग तो शंभर-दोनशे रुपये जास्त घेत असला तरी.

पाण्याची बचत ही तर या हिशेबाची पहिली पायरी आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. नवीन जालन्याला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावाने दुष्काळात तळ दाखवलेला या गावाने पाहिला आहे. तोटी धो-धो सोडून पाचऐवजी दहा लिटर वापरले, तर भट्टीही दुप्पट लागते आणि लाकूडही. दाबून धरली तरच वाहणारी तोटी बसवणे हा भट्टी लहान करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि कारागीर बांधवांना एक विनंती. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, ती आपण सारेच वाचतो. गरज नसलेले जास्तीचे माप गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणे हेही व्यवहारातील सचोटीला धरून नाही, असे आम्हांला वाटते. "तुम्हांला एवढी मोठी लागत नाही, ही लहान घ्या", असे सांगणारा कारागीर एका भट्टीत थोडे कमी कमावतो. पण सात किलोंत काम करणारी त्याची भट्टी पाहून शेजारच्या मोहल्ल्याची कमिटी पुढच्या हिवाळ्यात त्याचाच पत्ता विचारत येते.